हुशार पोरं हुडकायची कशी? पहिली ते पाचवीच्या गुरुजी-बाईंसाठी

दरवर्षी शाळा सुरू होऊन जरा स्थिरस्थावर झालं की केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर मेसेज पडतो, "आपल्या शाळेतील प्रज्ञावान विद्यार्थ्यांची नावे आज सायंकाळी पाचपर्यंत पाठवावीत, अतितातडीचे." मग आपण काय करतो, पोषण आहाराचं वाटप बघता बघता हजेरीपत्रक उघडतो आणि पाच नावं लिहून मोकळे होतो. ती नावं कुणाची असतात ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. अक्षर मोत्यासारखं, पहिल्या बाकावर बसणार, गृहपाठ पूर्ण, आईवडील अधूनमधून गेटवर भेटून चौकशी करणार, त्यातलं एखादं आपल्याच ओळखीतल्या दुसऱ्या शिक्षकाचं. पोरं चांगलीच असतात, त्यांचा काही दोष नाही. पण जो धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन वर्गात येतो, कारण आई पहाटेच उसाच्या फडावर गेलेली असते, त्याचं नाव त्या यादीत यायला वाटच कुठली नसते, आणि तो खरंच तल्लख असला तरी हे आपल्याला कळणार कसं हा प्रश्न आपण कधी विचारतच नाही.

मी सांगली जिल्ह्यात प्राथमिकला शिकवतो. मानसशास्त्रज्ञ नाही, विकतच्या चाचण्या नाहीत, दोन शिक्षक आणि चार वर्ग, अशा साध्या शाळेत काय करता येतं तेवढंच खाली लिहिलंय. पैसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो, साधारण एक सत्र धरून चाला.

आधी ठरवा, शोधून करणार काय

हे सगळ्यात आधी, कारण इथंच बहुतेक गाडी घसरते. यादी करून ती फाइलला लावायची असेल तर एवढा खटाटोप करूच नका, पोरांचा वेळ वाया जाईल. आठवड्यातून दोन तास गणिताची वेगळी कोडी देणार आहे, किंवा वाचनात पुढं गेलेल्यांना वरच्या वर्गाची पुस्तकं देणार आहे, किंवा हातानं वस्तू बनवणाऱ्यांना काही सामान देणार आहे, असं काहीतरी ठरलं पाहिजे, आणि मग जे देणार त्याच्याशी जुळणारंच बघायचं. गणितासाठी पोरं हवी असतील तर मराठीच्या निबंधाचे मार्क मधे आणायचे कशाला? आणि निबंध चांगला नाही म्हणून गणितातला पोरगा गळाला तर त्यात त्याचं काय चुकलं?

पुण्याची ज्ञानप्रबोधिनी ही हुशार मुलांसाठी काम करणारी संस्था 1962 सालची, अप्पा पेंडसेंनी सुरू केलेली, आणि त्यांनी बुद्धीचा विचार करताना गिलफर्डचा आधार घेतला, म्हणजे बुद्धी ही एक गोष्ट नसून अनेक वेगवेगळ्या क्षमतांचा गठ्ठा आहे असं मानणारा माणूस. अमेरिकेतल्या रेन्झुली नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं 1978 मध्ये आणखी सोपं करून सांगितलं, की सरासरीपेक्षा बरी क्षमता, हातात घेतलेल्या कामाला चिकटून राहणं आणि नवं काही सुचणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिभा दिसते. मला हे आपल्या कामाला बरं वाटतं कारण यातल्या दोन गोष्टी पेपरात दिसतच नाहीत, त्या वर्गातच बघाव्या लागतात.

शिष्यवृत्तीचा निकाल म्हणजे यादी नव्हे

आपल्याकडं हुशार म्हणजे स्कॉलरशिपवाला हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. परीक्षा चौथीची पाचवीला गेली, आता परत चौथीवर आणायचं ठरलं, पण साचा तोच, दोन पेपर मिळून 300 गुण, त्यात गणिताला 100, बुद्धिमत्तेला 100, बाकीचे मराठी आणि इंग्रजीला, एका पेपरात दीड तासात 75 प्रश्न. परीक्षा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, परीक्षा परिषदेनं इतकी वर्षं चालवलीय आणि खेड्यातल्या किती पोरांना तिनं आत्मविश्वास दिलाय ते आपण बघितलंय. पण दीड तासात 75 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही, आणि त्यातला बुद्धिमत्तेचा भाग जून महिन्यापासून जादा तासाला बसून घोटलेला असला तर तिथं दिसते ती बरीचशी तयारी. घड्याळाचे काटे, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेतला क्रमांक, ज्यानं शंभर सराव प्रश्नपत्रिका सोडवल्या त्याला प्रश्न वाचायच्या आधी उत्तराचा वास येतो. जो पोरगा ते पहिल्यांदाच बघतोय आणि तरीही निम्मे बरोबर आणतोय तो कदाचित जास्त दमदार असेल, पण निकालात तो खालीच दिसणार.

शिवाय बऱ्याच ठिकाणी परीक्षेला कोण बसणार हेच मुळात आपण ठरवतो, शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून. म्हणजे चाळण लावायच्या आधीच धान्य निवडलेलं.

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचंही तसंच, 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास, निम्मे गुण मानसिक क्षमतेला. पलूसच्या नवोदयला आपल्या जिल्ह्यातली पोरं जातात, निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात ही फार चांगली सोय आहे. साताऱ्याचं सैनिक स्कूल तर 1961 सालचं, देशातलं पहिलं. पण या सगळ्या प्रवेश परीक्षा आहेत, जागा मोजक्या, म्हणून कुणाला तरी गाळणं हे त्यांचं कामच आहे. आपल्या वर्गात जागा मोजक्या नसतात हे विसरायचं नाही.

तेव्हा या परीक्षांचे गुण हा एक कागद म्हणून ठेवा. गुण चांगले आले तर नोंद घ्या, नाही आले तर त्यावरून काहीच ठरवू नका.

नावं मागवू नका, सगळा वर्ग बसवा

सगळ्यात महत्त्वाचं कुठलं विचाराल तर हे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाची काउंटी आहे, तिथं पूर्वी शिक्षक नाहीतर पालक नाव सुचवायचे आणि मग त्या मुलाची बुद्धिमत्ता चाचणी व्हायची. 2005 च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांना आधी एक छोटी, भाषेवर न बेतलेली चाचणी द्यायला सुरुवात केली. निकष तोच ठेवला, काही सैल केलं नाही. तरी गरीब घरातली, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली कितीतरी मुलं नव्यानं पात्र ठरली, जी वर्गात होतीच पण कुणी सुचवलीच नव्हती. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये हे छापलं. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच, की सुचवायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा, सुरुवातीला पटावर जेवढी नावं तेवढी सगळी पोरं.

आता चाचणी कुठली. रेव्हनची आकृत्यांची चाचणी 1938 पासून जगभर वापरतात, लहान मुलांसाठी तिची रंगीत आवृत्ती आहे, आणि ती कुठंतरी पीडीएफमध्ये मिळते म्हणून झेरॉक्स मारून वर्गात वाटणारे महाभागही आहेत. तसं करू नका. एक तर ती चाचण्या घ्यायचं शिक्षण झालेल्या माणसानंच घ्यायची असते, आणि दुसरं म्हणजे एकदा ती पोरांच्या हातात पडली की दोन वर्षांत तिचा पण क्लास निघेल. आपण आपली साधी कामं तयार करायची, ज्यात आधी शिकलेलं फार लागत नाही.

एक उदाहरण देतो. आगकाड्या घ्या. एक चौकोन करायला 4 काड्या. शेजारी चिकटून दुसरा चौकोन केला तर मधली काडी दोघांची, म्हणून 7. तिसरा जोडला की 10. इथपर्यंत सगळ्यांना हातानं करू द्या, मग विचारा, असे ओळीनं 10 चौकोन करायला किती काड्या लागतील? उत्तर 31. पण उत्तराकडं बघू नका, पोराकडं बघा. एकजण दहाच्या दहा मांडून मोजेल, बरोबर आहे, त्याला चिकाटी आहे. एकजण तीन-तीननं पुढं मोजत जाईल. एखादी म्हणेल, दहा चौकोनांच्या 40 काड्या, त्यातल्या 9 दोनदा मोजल्या, म्हणून 31. आणि मग कुणाला तरी तुम्ही न विचारता 100 चौकोनांचं सांगावंसं वाटेल. हे सगळं तुम्ही मागं उभं राहून वहीत टिपायचं. तिसरी-चौथीला हे चालतं, पहिली-दुसरीला पाच चौकोनांपर्यंतच ठेवा.

दुसरा प्रकार मला याहून जास्त भरवशाचा वाटतो, तो म्हणजे सगळ्यांना नवीनच काहीतरी शिकवायचं आणि मग बघायचं कोण किती लवकर पळतंय. कारण आधी काय येतंय यात घरचं, ट्यूशनचं, मोबाईलचं सगळं मिसळलेलं असतं, पण जे कुणालाच माहीत नाही तिथं सगळे एका रेषेवर उभे. आमच्याकडं सांगली-तासगावात हळद, बेदाणा, तराजू, वजनं हे घराघरात बोलण्यातलं, म्हणून मी तराजू घेतो. तुमच्याकडं 1, 2, 4 आणि 8 किलोचं एकेकच वजन आहे, यातनं कितीकितीचा माल तोलता येईल? थोडं शिकवायचं, 3 म्हणजे 2 आणि 1, 5 म्हणजे 4 आणि 1. मग सोडून द्यायचं. 1 पासून 15 पर्यंत सगळंच तोलता येतं हे काही पोरं यादी करून काढतात, काहींना मधेच लक्षात येतं, आणि पुढचं वजन कितीचं घेऊ असं विचारलं की 16 म्हणणारी एक-दोन निघतात.

एकदा यातच चौथीतली एक मुलगी, जी वर्गात तोंडातून शब्द काढत नाही, ती हळूच म्हणाली, "सर, मालाच्या पारड्यात बी वजन ठिवलं तर चालतंय का?" चालतंय की! मग 1, 3 आणि 9 एवढी तीनच वजनं घेऊन 13 पर्यंत सगळं तोलता येतं, 5 किलो हवं तर एका बाजूला 9 आणि मालाच्या बाजूला 3 आणि 1. तिला हे सगळं लगेच जमलं असं नाही, पण तिनं जो प्रश्न विचारला तो प्रश्नच नोंदीत लिहायचा, शब्दाला शब्द. तिच्या चाचण्यांचे गुण तोपर्यंत मध्यम होते.

कुणाला किती मदत लागली तेही लिहा. एका इशाऱ्यावर जो पुढचे तीन प्रश्न स्वतःच सोडवतो आणि ज्याला दर वेळी इशारा लागतो, दोघांचं उत्तर बरोबर आलं तरी फरक आहे.

गणितच नको, एखादं मोकळं कामही द्या. शाळेच्या नळाला आज पाणी आलं नाही, का आलं नसेल, जेवढी कारणं सुचतील तेवढी सांगा. मोटर जळली, लाइट नाही, पाइप फुटला ही तर सगळेच सांगतात. "वरच्या आळीत लग्न हाय, तिथं टँकर भराय वळवलं असंल" म्हणणारा पोरगा मला कान टवकारायला लावतो.

सूचना कशी देता यावर निम्मा न्याय

पेपर छापून वाटला की ज्याला वाचता येत नाही तो बाद. म्हणून प्रश्न तोंडी सांगा, दोनदा सांगा, उत्तर तोंडी चालेल असं आधीच सांगा. जत तालुक्यात पोरांची घरची भाषा कन्नड, तिथं कन्नड माध्यमाच्या शाळा आहेतच पण मराठी शाळेतही कन्नड बोलणारी पोरं असतात. कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीत हिंदी-भोजपुरी घरातली. विटा-आटपाडीकडं गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा करणारी कुटुंबं तमिळनाडूत, केरळात राहून परत येतात आणि पोरगं मराठी अडखळत बोलतं पण तमिळ फाडफाड, आणि आपण त्याला कच्चा म्हणून मागं बसवतो. अरे, दोन-तीन भाषा ज्याच्या तोंडात बसल्यात तो कच्चा कसा! अशा वेळी वरच्या वर्गातलं त्याच्याच भाषेचं पोरगं शेजारी बसवा आणि सूचना त्याच्या भाषेत जाऊ द्या.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडनं, इकडनं जतकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कराड-वाळवा-पलूस पट्ट्यात त्यांची पालं, म्हणजे तंबू, पडतात. ही पोरं आपल्या शाळेत नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलात जातात. तुम्ही ऑगस्टमध्येच सगळं उरकलं तर ती कायमची राहिली. म्हणून दुसरी फेरी डिसेंबर-जानेवारीत घ्याच. माण-खटावात मेंढरं घेऊन बाहेर पडणाऱ्या घरांचं उलट, ती पोरं कधी असतात ते बघून दिवस ठरवायचा.

डोळे आणि कान तपासून घ्या आधी. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा नुसतं वजन-उंची लिहून सोडू नका, फळ्यावरचं मागनं दिसतंय का हे पोरगं-पोरगं करून बघायला लावा.

आणि वय. एकाच पहिलीच्या वर्गात जवळजवळ वर्षाचा फरक असतो आणि सहा वर्षाच्या पोराला एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. वर्गातलं मोठं पोरगं नुसतं वयानं पुढं दिसतं. म्हणून पटावरची जन्मतारीख नोंदीच्या शेजारी लिहा, आणि सगळ्यात लहान पोरं काय करतायत ते मुद्दाम बघा. 1921 मध्ये टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत हुशार मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला तेव्हा शिक्षकांना वर्गातली हुशार नावं विचारलीच, पण सगळ्यात लहान वयाचं मूल कोण तेही विचारलं होतं, एवढं त्याला कळत होतं. तरी त्याच्या चाळणीतून शॉकली आणि अल्वारेझ नावाची दोन पोरं गळाली आणि पुढं दोघांनाही फिजिक्सचं नोबेल मिळालं, एकाला 1956 ला, दुसऱ्याला 1968 ला. चांगल्यातल्या चांगल्या चाचणीची ही गत, मग आपल्या पाच मिनिटांच्या यादीची काय असेल.

डोळ्यानं बघायचं काय

चाचणी एक-दोन तासांची, वर्ग वर्षभराचा. पण शिक्षकाचा डोळा असं म्हणताना आपण वागणूक बघत असतो, बुद्धी नाही. शांत, नीटनेटकं, सांगितलेलं ऐकणारं पोरगं आपल्याला आवडतं, साहजिक आहे, चाळीस पोरं सांभाळायची असतात. खरंतर जे तल्लख असतं ते कधीकधी डोक्याला ताप असतं. तेच तेच गणित दहा वेळा लिहायला दिलं की चौथ्याला सोडून देतं. फळ्यावरची चूक सगळ्यांसमोर दाखवतं. स्वतःचं झालं की शेजारच्याला चिडवतं. "पण असं का?" विचारून तास लांबवतं.

मुलींचं आणखी वेगळं. तिसरी-चौथीपर्यंत हात वर करणारी मुलगी पाचवीला गप्प होते, घरकामामुळं गैरहजेरी वाढते, आणि आपण समजतो की हिची चमक गेली. तिच्या वहीच्या मागच्या पानावर काय आहे ते बघा एकदा.

वाचता येत नाही पण गोष्ट ऐकून तिच्यातला सगळ्यात बारीक धागा पकडणारं एक तरी पोरगं प्रत्येक शाळेत असतं. अक्षरं उलटी लिहिणं, शुद्धलेखनाचा सत्यानाश आणि तोंडी एकदम चोख, असं दिसलं तर वाचन-लेखनाची अडचण आणि तीक्ष्ण डोकं ही दोन्ही एकाच पोरात असू शकतात. तालुक्याच्या विशेष शिक्षकांना बोलवा, आणि तोपर्यंत त्याला यादीबाहेर ठेवू नका. दिव्यांग मुलांच्या बाबतीतही हेच.

नोंद कशी लिहायची हे नीट सांगतो कारण इथं सगळे घाई करतात. "हुशार आहे, चुणचुणीत आहे, आकलन चांगले" ही नोंद नव्हे, हे वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तकातनं उतरलेलं वाक्य आहे. नोंद म्हणजे तारीख आणि काय घडलं. असं, "12 ऑगस्ट. 503 वजा 278 हातचा न घेता केलं. म्हणाला, 278 मध्ये 22 घातले की 300, पुढं 203, म्हणजे 225. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला दुकानात सुट्टे पैसे असंच देतात." बास, एवढंच. अशा चार नोंदी कुठल्याही प्रमाणपत्राला भारी. दर आठवड्याला पटावरची पाच-सहा पोरं ठरवून घ्या आणि त्यांच्यावरच लक्ष ठेवा, म्हणजे सगळ्यांची पाळी येते. नाहीतर डोळा परत त्याच चार चेहऱ्यांवर जातो.

वर्गाबाहेर पण बघा. मैदानावर संघ पाडताना भांडण कोण मिटवतं, भाताच्या रांगेत किती ताटं कमी पडतील ते आधीच कोण सांगतं, तुटक्या खेळण्यातली मोटर काढून दुसऱ्याला कोण जोडतं.

पोरांनाच विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. पण "वर्गात हुशार कोण" असं विचारलं तर पहिल्या नंबरचं नाव येणार. विचारायचं असं, कोडं अडलं तर कुणाकडं जाशील? नवीन खेळ कोण काढतं? गोष्ट सांगायला कुणाला उभं करू? चिठ्ठीवर लिहून घ्या, ज्याला लिहिता येत नाही त्याच्याकडनं कानात. मला दर वेळी एक तरी असं नाव मिळतं जे माझ्या डोक्यात नव्हतं.

पालकांकडं फॉर्म पाठवू नका. शिकलेला पालक तीन पानं भरून देतो, न शिकलेला कोरा पाठवतो नाहीतर पाठवतच नाही. त्यापेक्षा दारात उभं राहून बोला, आईशी, आजीशी. "हुशार आहे का हो?" असं नको, "कशात रमला की हाक मारलेली ऐकू येत नाही याला?" असं. एका आजीनं सांगितलं होतं की नातू मुंग्यांची रांग बघत दुपारभर बसतो आणि मग कुठल्या बिळातली मुंगी कुठं जाते ते चित्र काढून दाखवतो. शाळेच्या कुठल्या पेपरात हे आलं असतं?

गोळाबेरीज

आता तुमच्याकडं कामाचे कागद आहेत, नोंदी आहेत, पोरांच्या चिठ्ठ्या आहेत, घरचं बोलणं आहे. इथं मोह होतो सगळ्याला गुण देऊन बेरीज करायचा. करू नका. बेरीज केली की जे सगळीकडं बरं ते वर येतं आणि एका ठिकाणी जबरदस्त पण बाकी साधारण असं पोरगं खाली जातं. "हे पण हवं आणि ते पण हवं" असं धरलं तर यादीत शेवटी सगळ्या सोयी असलेलीच पोरं उरतात. म्हणून पहिल्या फेरीला नियम असा ठेवा की कुठल्याही एका ठिकाणी ठळक दिसलं की ते पोरगं दुसऱ्या फेरीला घ्यायचं. जास्त आली तरी चालतील. दुसऱ्या फेरीत लहान गटात बसवून नवीन काम द्या, दोन शिक्षकांनी वेगवेगळं बघा, मग बोला.

कागद तपासायचे तर नाव लपवा. आपल्याकडं आडनाव वाचलं की जात, आळी, बापाचा धंदा सगळं डोळ्यासमोर येतं, आणि मी असलं काही मानत नाही असं म्हणणाऱ्याच्याही पेनात ते उतरतं. नुसते हजेरी क्रमांक ठेवा आणि केंद्रातल्या दुसऱ्या शाळेशी कागद बदलून घ्या, त्यांचे तुम्ही तपासा, तुमचे ते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे एका दुपारी होतं.

पाटणच्या डोंगरातल्या नऊ पटाच्या शाळेतल्या पोराला सांगली शहरातल्या पोराशी तोलायचं नाही. प्रत्येक शाळेनं आपापल्या शाळेतलं, शक्यतो सारखी संधी मिळालेल्यांतलं, पुढचं पोरगं बघायचं. जिल्ह्याला एकच कटऑफ लावला तर अख्खे तालुके कोरे जातात. वर सांगितलेल्या ब्रॉवर्डमध्येसुद्धा सर्वसाधारण मुलांना 130 बुद्ध्यांक आणि गरीब किंवा इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना 116 असा वेगळा निकष होता.

यादी झाली की ती पटाशेजारी ठेवून मोजा. मुली किती, फडावरची पोरं किती, वाडी-वस्तीवरची किती, आणि पटावर त्यांचं प्रमाण किती. पटावर निम्म्या मुली आणि यादीत पाचातली एक असेल तर घाईनं दोन नावं कोंबू नका, मागं जाऊन बघा कुठल्या पायरीला त्या गळाल्या. बहुतेक वेळा सापडतं. काम मोठ्यानं बोलायचं होतं, किंवा दिवस बाजाराचा होता आणि त्या घरी होत्या.

सरपंचांचा नाहीतर व्यवस्थापन समितीतल्या कुणाचा फोन येईलच. भांडू नका, नोंदींची वही दाखवा आणि पुढच्या फेरीला परत बघू म्हणा. फेऱ्या सत्राला एक ठेवल्या की हे खरं पण असतं, आणि दार उघडं आहे म्हटल्यावर फोनचा जोर कमी होतो.

यादी झाल्यावर

फ्लेक्स लावू नका! आपल्याकडं पोरगं कुठल्याही परीक्षेत चमकलं की चौकात फ्लेक्स, खाली शुभेच्छुक म्हणून वीस फोटो. सात वर्षाच्या पोराला "तू प्रज्ञावान" सांगितलं की ते पुढं अवघड काम घ्यायला घाबरतं, चुकलं तर नाव जाईल म्हणून, आणि ज्याचं नाव नाही त्याला कळतं आपण ढ. पालकांना सांगताना एवढंच म्हणायचं, याला जरा जास्त अवघड गणितं हवीत, म्हणून वेगळं काम देतोय. बिने नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं 1905 मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली ती शाळेत मागं पडणाऱ्या पोरांना मदत कुणाला लागतेय ते बघायला, शिक्के मारायला नव्हे.

काम काय द्यायचं याला स्वतंत्र लिहावं लागेल, पण थोडक्यात, तेच काम जास्त देऊ नका. ज्याची दहा गणितं लवकर झाली त्याला आणखी दहा दिली की पुढच्या वेळी तो मुद्दाम सावकाश करतो. तराजूचं कोडं पुढं न्या, वरच्या वर्गात गणितापुरतं बसू द्या, मिरजेजवळ असाल तर सतारमेकर गल्लीत घेऊन जा आणि तारेची लांबी बदलली की सूर का बदलतो ते विचारा. 2020 च्या शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी वेगळा मजकूर आहेच, वरिष्ठांनी विचारलं तर तो दाखवायला उपयोगी पडतो.

आणि फडावरचं पोरगं हंगाम संपून निघालं की त्याच्या नोंदीचं पान वहीत अडकून राहता कामा नये. त्याची एक झेरॉक्स शिक्षण हमी कार्डासोबत, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या पोरांना शाळा देते त्या कार्डासोबत, पालकांच्या हातात द्या, एक फोटो त्यांच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना व्हॉट्सॲपवर पाठवा. पोरगं आलं त्याच दिवशी त्या गुरुजींचा नंबर विचारून पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण टोळी उठते तेव्हा पहाटेच ट्रॅक्टर निघतो आणि विचारायला कुणी राहत नाही.